घरट्याला कायदा आहे, गुहेला नाही

काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एका किल्ल्यावर आम्ही चाळीसेक जण संवर्धन मोहिमेला गेलो होतो. किल्ल्याच्या पोटात एक गुहा आहे. बाहेर दालन, आत एक अंधारी खोली आणि तिच्याही आत वाकून जावं लागेल अशी एक पोकळी. किल्ल्याचं नाव मी मुद्दाम देत नाही. बाहेरच्या दालनात बाटल्या, वेष्टनं, चुलीची राख असा नेहमीचा कचरा होता, तो तासाभरात निघाला. आतल्या खोलीत मात्र जमिनीवर वटवाघळांच्या लेंड्यांचा घोट्याएवढा थर होता आणि छत काळंभोर, हलतं होतं. मोहीम चालवणारे म्हणाले, ही घाण आधी काढू, पण ही पाखरं अंगावर येतात, त्यांना बाहेर घालवलं पाहिजे. वाळलं गवत पेटवून त्यावर ओला पाला टाकला. दहा मिनिटांत धुराबरोबर शेकडो वटवाघळं भर दुपारच्या उन्हात बाहेर पडली आणि दरीवर सैरभैर घिरट्या घालू लागली.

घमेली घेऊन आम्ही आत गेलो तेव्हा पहिलं पिल्लू दिसलं. अंगठ्याच्या पेराएवढं असेल. अंगावर केस नव्हते, कातडी राखाडी-गुलाबी, डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले. मागचे पाय मात्र पूर्ण वाढल्यासारखे मोठे, नखं हुकासारखी वाकलेली, आणि त्या नखांनी ते हवेत काहीतरी पकडायला बघत होतं. वटवाघळाच्या पिल्लाला जन्मल्याबरोबर एकच गोष्ट नीट जमावी लागते, ती म्हणजे धरून ठेवणं. मी ते पळसाच्या पानावर घेतलं. मग शेजारी दुसरं दिसलं. एकोणीसपर्यंत मोजलं, पुढे मोजवेना. वर छताशी आता कुणीच नव्हतं.

घमेलं माझ्याही हातात होतं, म्हणून हे लिहितो आहे. आमच्यातल्या कुणालाही वटवाघळांचा द्वेष नव्हता. किल्ल्यावरच्या जिवापाड प्रेमापोटीच सगळे उन्हात राबत होते. गुहा म्हणजे जुनी वास्तू आणि वास्तूतली घाण काढायची, एवढंच आमच्या डोक्यात होतं. हे कुणाचं तरी घर आहे आणि आज त्या घरात बाळंतपणं चालू आहेत, हे सांगणारा फलक तिथे नव्हता, रखवालदार नव्हता आणि, नंतर कळलं, कायदाही नव्हता.

परत आल्यावर मी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ काढून वाचला. त्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या चांगली लांबरुंद आहे. मारणं, विष घालणं, पकडणं, सापळा लावणं, हाकून काढणं, इजा करणं, आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीत धरलं आहे. त्याच्या पुढचं वाक्य मी तीनदा वाचलं. पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांच्या बाबतीत त्यांची अंडी फोडणं, एवढंच नव्हे तर अंडी किंवा घरटी यांना नुसता त्रास देणं, हीसुद्धा शिकारच. म्हणजे कायदा करणाऱ्यांना कळलं होतं की काही प्राण्यांना वाचवायचं तर त्यांची जागाही वाचवावी लागते. पण ही समज पक्षी आणि सरपटणाऱ्यांपाशीच थांबली. सस्तन प्राण्याच्या बसण्याच्या, विण्याच्या जागेचा उल्लेख त्या व्याख्येत नाही.

पक्षी आणि पशू यांच्या भांडणात वटवाघळाला कुणीच आपलं म्हटलं नाही, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. कायद्यात नेमकं तेच झालं आहे. उडतं, पण अंडी घालत नाही, घरटं बांधत नाही, म्हणून पक्ष्यांच्या वाट्याचं संरक्षण त्याला नाही. सस्तन आहे, पण वाघ-बिबट्यासारखं जंगलभर फिरून कुठेही राहणारं नाही. ज्या एका छताला ते पिढ्यान्‌पिढ्या लटकतं, तेच छत त्याचं घरटं असतं. शिवाय वर सांगितलेला मनाईचा भाग लागू होतो तो फक्त अनुसूचीत नाव असलेल्या प्राण्यांना, आणि आपल्या बहुतेक छोट्या कीटकभक्षी वटवाघळांचं नाव तेव्हा कुठल्याच अनुसूचीत नव्हतं. फळं खाणारी वटवाघळं तर कित्येक दशकं पाचव्या अनुसूचीत, म्हणजे उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली, हे चांगलं झालं. पण त्या दुरुस्तीनेही जागेचा प्रश्न तिथेच ठेवला.

यादीत नाव आलं की प्राणी वाचतो, हा आपल्याकडचा पक्का समज आहे. तो किती अपुरा आहे हे पाहायचं तर आपल्या शेजारच्याच एका वटवाघळाकडे पाहावं. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात, तळेवाडीजवळ बारापेडे नावाच्या गुहा आहेत. कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र जिथे एकमेकांना खेटतात तो हा मुलूख, म्हादईच्या उगमाचा. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने देशभरातल्या सस्तन प्राण्यांचं मोठं सर्वेक्षण हाती घेतलं होतं. त्या काळात या गुहांमध्ये एक वेगळंच वटवाघूळ मिळालं. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ऑल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि मुंबई इलाख्याच्या वनखात्यातून निवृत्त होऊन ब्रिटिश म्युझियममध्ये या सर्वेक्षणाचे नमुने अभ्यासणाऱ्या रॉटन यांचं नाव त्याला दिलं. शास्त्रीय नाव ओटोमॉप्स रॉटनी. मराठीत रॉटनचं मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ म्हणता येईल, कारण त्याची शेपूट इतर वटवाघळांसारखी पायांमधल्या पडद्यात गुंतलेली नसते, अर्धीअधिक मोकळी बाहेर असते.

एकदा पाहिलं तर विसरणार नाही असा हा प्राणी आहे. कान प्रचंड मोठे, पुढे झुकलेले, कपाळावर एकमेकांना जोडलेले, जणू टोपीची झापड थुतरीवर ओढून घेतली आहे. पाठ गडद तपकिरी, मानेमागे फिकट राखाडी पट्टा, दोन्ही कुशींना पांढरी बारीक किनार. पंख लांब आणि चिंचोळे, पाकोळीच्या पंखांसारखे, म्हणजे झाडाझुडपांतून वळणं घेत उडण्यासाठी नव्हेत, उघड्या आकाशात वेगाने जाण्यासाठी. अशा पंखांचं वटवाघूळ जमिनीवरून सहज उडू शकत नाही. त्याला उंच छत लागतं, जिथून खाली झेप घेऊन वेग पकडता येईल, आणि समोर मोकळं तोंड लागतं. कुठलीही गुहा त्याला चालत नाही.

१९१३ पासून २००० पर्यंत, म्हणजे सत्त्याऐंशी वर्षं, या प्राण्याचा जगाला एकच पत्ता माहीत होता, तो म्हणजे बारापेडे. पुढे कंबोडियात एक नमुना मिळाला आणि मेघालयातल्या चुनखडीच्या गुहांत वस्त्या आढळल्या. आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत या प्राण्याची नोंद 'अपुरी माहिती' या रकान्यात झाली. आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, जिथे वाघ आहे, तिथे हे वटवाघूळ आहे. सलीम अलींचं नाव लाभलेलं दक्षिण घाटातलं फळवटवाघूळही तिथेच आहे. बराच काळ भारतातल्या शंभरावर जातींपैकी एवढ्या दोनच जातींना तो मान होता.

आता विचार करा. पहिल्या अनुसूचीतल्या नावाने बारापेडेच्या गुहेला काय मिळालं? कुणी हे वटवाघूळ मारलं, पकडलं किंवा मुद्दाम हाकून काढलं तर शिक्षा, एवढंच. कुणी गुहेच्या तोंडाशी फटाका लावला, आत शेकोटी केली, रात्रभर दिवे लावून चित्रीकरण केलं आणि वस्ती कायमची उठली, पण एकही वटवाघूळ मेलेलं सापडलं नाही, तर त्या नावाच्या जोरावर गुन्हा सिद्ध करणं फार अवघड. गुहेच्या भिंतींना खरं कवच मिळालं ते डिसेंबर २०११ मध्ये, भीमगड अभयारण्य जाहीर झालं तेव्हा. १९० चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य आहे, आणि अभयारण्यात अधिवासाची नासधूस हा स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे वाचवलं ते जागेच्या संरक्षणाने.

दुसरीकडे कोलारचं उदाहरण घ्या. कर्नाटकातल्याच कोलार जिल्ह्यात हनुमनहळ्ळी गावाजवळच्या खडकांत १९९४ मध्ये पर्णनासिक, म्हणजे नाकावर पानासारखी घडी असलेल्या, वटवाघळाची एक नवी जात शास्त्राला माहीत झाली. पुढे तिची ज्ञात वस्ती एका गुहेपुरती आणि दोनशेच्या आत उरली, आणि आजूबाजूला ग्रॅनाइट काढणं चालू होतं. वर्णन झाल्यावर दोन दशकांहून अधिक काळ हे नाव कुठल्याच अनुसूचीत नव्हतं. समजा पहिल्याच वर्षी ते पहिल्या अनुसूचीत घातलं असतं, तर सुरुंगाच्या हादऱ्याने गुहेचं छत तडकायचं राहिलं असतं का? खाणवाल्याने वटवाघळाला हातही लावला नसता.

माझं म्हणणं म्हणून अगदी साधं आहे. वटवाघळाच्या बाबतीत संरक्षणाचा एकक जात हा नसावा, वस्ती हा असावा. जिथे वटवाघळं नियमित बसतात, वितात, ती जागा, मग ती नैसर्गिक गुहा असो, लेणं असो, पडक्या किल्ल्याचं भुयार असो, तिला कायद्याने घरट्याचा दर्जा द्यावा. शिकारीच्या व्याख्येत 'अंडी किंवा घरटी' या शब्दांच्या पुढे वटवाघळांच्या वस्तीची जागा घालायला एक ओळ पुरेल. यात नवं काहीच नाही. ब्रिटनच्या १९८१ च्या कायद्याने वटवाघळाच्या बसण्याच्या जागेची नासधूस करणं किंवा तिची वाट अडवणं गुन्हा ठरवलं आहे, आणि त्या दिवशी आत वटवाघूळ नसलं तरी ती जागा संरक्षितच राहते, कारण ते हंगामात परत येणार हे गृहीत आहे. तिकडे घराच्या छपरात वटवाघळं असली तर घरमालकालाही दुरुस्तीआधी सल्ला घ्यावा लागतो. आपल्याला घरापर्यंत जायची गरज नाही, डोंगरातल्या गुहांपासून सुरुवात केली तरी खूप आहे.

जागेवर एवढा भर का, याचं कारण वटवाघळाच्या आयुष्यात आहे. आकाराने उंदराएवढा प्राणी, पण जगण्याची रीत हत्तीच्या जवळची. बहुतेक जातींची मादी एका वेळी एकच पिल्लू देते, बऱ्याच जातींत वर्षाला एकच. आयुष्य मात्र लांब. कित्येक जाती दहा-वीस वर्षं सहज जगतात, सैबेरियातल्या एका वटवाघळाची नोंद तर एकेचाळीस वर्षांची आहे. उंदरांची एक पिढी गेली तर चार महिन्यांत भरून निघते. वटवाघळांच्या वस्तीतला एक हंगाम वाया गेला तर तो त्या वर्षापुरता गेलाच, आणि माद्या घाबरून जागा सोडून गेल्या तर पुढचेही गेले. गुहेच्या छतातल्या ज्या खळग्यात ऊब साठते, तिथेच माद्या एकमेकींना खेटून पिल्लं वाढवतात. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दहा गुहांपैकी एखादीतच तसा खळगा असतो. त्यामुळे 'जातील दुसऱ्या गुहेत' हे वाक्य, जे मी मोहिमेतही ऐकलं होतं आणि वनखात्यातल्या लोकांकडूनही ऐकलं आहे, ते फार सहज बोललं जातं.

सह्याद्रीत हा प्रश्न दर वर्षी वाढतो आहे. दहा वर्षांपूर्वी ज्या गुहेपर्यंत गुराखीच जात होते, तिथे आज शनिवार-रविवारी रांगा लागतात. डोक्यावरच्या बॅटऱ्या पूर्वीच्या टॉर्चपेक्षा कितीतरी प्रखर आहेत. आत शिरलं की आपसूक मान वर जाते आणि झोत सरळ छतावर पडतो. मग आरडाओरडा, मग व्हिडिओ. पावसाच्या तोंडावर, जेव्हा अनेक कीटकभक्षी जातींची पिल्लं छताला असतात, नेमकी तीच काजवे बघायला आणि पहिल्या पावसाच्या ट्रेकला बाहेर पडण्याची वेळ. यातले बहुतेक लोक निसर्गाच्या ओढीनेच येतात. त्यांना दोष देऊन काही होणार नाही. कुणी सांगितलंच नाही, तर कळणार कसं?

आता विरोधाचे मुद्दे. सगळ्यात मोठा मुद्दा रोगाचा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. केरळात २०१८ मध्ये निपा या वटवाघळांत आढळणाऱ्या विषाणूने माणसं दगावली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले, त्यांत निपाच्या खुणा मिळाल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं, तेव्हा आपल्याकडेही भीती पसरली. कोरोनाच्या काळात तर वटवाघूळ हा शब्दच शिवी झाला होता. अशा वेळी 'गुहा जपा' म्हणणारा माणूस लोकांच्या जिवाशी खेळतो आहे असं वाटणं साहजिक आहे.

पण भीतीपोटी वस्ती उठवली तर काय होतं याचा धडा युगांडात मिळाला आहे. तिथल्या इबांडा जिल्ह्यात कितका नावाच्या खाणीत इजिप्तचं म्हणून ओळखलं जाणारं फळवटवाघूळ मोठ्या संख्येने राहायचं. महाबळेश्वरच्या गुहेत ज्या फळवटवाघळाचे नमुने तपासले त्याचं हे अगदी जवळचं भावंड, दोघंही गुहेतच राहणारी. २००७ मध्ये कितकाच्या खाणकामगारांना मारबर्ग या भयंकर तापाची लागण झाली. पुढच्या वर्षी वटवाघळांच्या येण्याजाण्याच्या वाटा बुजवून, जाळी लावून सगळी वस्ती संपवण्यात आली. काही वर्षांनी थोडी वटवाघळं परत आली, मूळ संख्येच्या मानाने नगण्य. २०१२ मध्ये जवळच्या इबांडा गावात मारबर्गची पुन्हा साथ आली, माणसं दगावली. शास्त्रज्ञांनी परतलेली वटवाघळं तपासली तेव्हा पूर्वी शेकडा पाच असलेलं विषाणूचं प्रमाण तेरावर गेलेलं आढळलं. जुनी, कधीकाळी लागण होऊन सावरलेली वटवाघळं गेली आणि त्यांच्या जागी विषाणू पहिल्यांदाच भेटणारी नवी आली, असा त्याचा अर्थ लावला गेला. माणसांची सुरक्षितता आणि वटवाघळांची शांतता या दोन्हींसाठी उपाय एकच निघतो: आत जाऊ नका. गुहेत कमी माणसं शिरली तर त्यांचाही धोका कमी आणि वटवाघळांचाही त्रास कमी. रोगाचा मुद्दा मला माझ्या बाजूचा वाटतो तो यासाठी.

दुसरा मुद्दा पोटाचा आहे. गुहेमुळे गावात चार पर्यटक येतात, चहा-पोह्याचे पैसे मिळतात, दोन पोरं वाटाड्याचं काम करतात. संरक्षण म्हटलं की वनखात्याची साखळी, आणि साखळी म्हटलं की गावाला मज्जाव, हा अनुभव भीमगडच्या परिसरातल्या गावांनी घेतला आहे. तिथल्या वस्त्यांच्या स्थलांतराचा विषय वर्षानुवर्षं चालू आहे. वटवाघळाच्या नावाने आणखी एक कुंपण घातलं गेलं तर गाव त्या वटवाघळाचं वैरी होईल, आणि गाव वैरी झालं की गुहा कुणीच वाचवू शकत नाही. म्हणून गुहेचं रक्षण अभयारण्याच्या वाटेने होण्यापेक्षा ग्रामसभेच्या वाटेने व्हावं असं मला मनापासून वाटतं. थायलंडच्या रात्चाबुरी प्रांतात काओ चोंग फ्रान नावाची गुहा आहे, तिथे लाखो वटवाघळं आहेत. त्यांची विष्ठा खत म्हणून विकून शेजारच्या बौद्ध मठाला उत्पन्न मिळतं. विष्ठा काढण्याची वेळ ठरलेली असते, आणि संध्याकाळी वटवाघळांचा पट्टा आकाशात निघतो तो बघायला लोक गुहेच्या बाहेर, दूर बसतात. गुहेच्या बाहेर बसूनही पर्यटन होतं. आपल्या वाटाड्या पोरांनी लोकांना आत नेण्याऐवजी सूर्यास्ताला तोंडासमोरच्या कातळावर बसवलं, तर चहाचा धंदा तेवढाच होईल, कदाचित जास्त.

यासाठी नव्या कायद्याची वाटही बघायला नको. जैविक विविधता कायदा, २००२ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ जाहीर करण्याची सोय आहे, आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणं अपेक्षित आहे. आंबोलीला हिरण्यकेशीचा उगम एका गुहेतून होतो, तिथे महादेवाचं स्थान आहे. त्या मंदिराच्या कुंडात माशाची एक नवी जात सापडली, २०२० मध्ये तिला शिस्टुरा हिरण्यकेशी हे नाव मिळालं, आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने ती जागा वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. जेमतेम दोन हेक्टरची जागा. देवदर्शन बंद झालं नाही, पूजा थांबली नाही. बोटभर माशासाठी हे झालं, तर सह्याद्रीतल्या दहा-वीस महत्त्वाच्या गुहांसाठी का होऊ नये? देवराईत कुऱ्हाड न नेण्याचा नेम पाळणाऱ्या लोकांना गुहेत दिवटी न नेण्याचा नेम समजावून सांगायला वेळ लागणार नाही. कित्येक ठिकाणी तो नेम आधीपासून आहे. गाभाऱ्याच्या मागच्या भुयारात जायचं नसतं, एवढंच आजी सांगायची आणि कुणी जायचं नाही.

मात्र काय करायचं ते नीट विचारून करावं लागेल. चांगल्या हेतूने लावलेली दारंही वटवाघळांना मारतात. गुहेच्या तोंडाला उभ्या गजांचं किंवा बारीक जाळीचं फाटक बसवलं की माणसं थांबतात, पण वटवाघळांचीही वाट अडते. वटवाघळांसाठी म्हणून जी फाटकं बनवतात त्यांचे गज आडवे असतात आणि दोन गजांत साधारण पाच-सहा इंच मोकळी जागा सोडतात. रॉटनच्या वटवाघळासारख्या लांब पंखांच्या, वेगाने बाहेर पडणाऱ्या जातीला तेही नको. तिथे तोंड मोकळं ठेवून बाहेर अंतरावर कुंपण हवं, किंवा नुसता माणूस हवा. बंदीचे महिनेही सगळीकडे सारखे चालणार नाहीत. कीटकभक्षी जातींचा हंगाम बहुधा पावसाच्या तोंडावर असतो, तर महाबळेश्वरच्या गुहेतल्यासारखी फळवटवाघळं वर्षातून दोनदा वितात. त्यामुळे आधी प्रत्येक गुहेत कोण राहतं आणि कधी वितं हे बघावं लागेल. पुरातत्त्व खात्यानेही लेण्यांच्या साफसफाईचं वेळापत्रक यावर ठरवलं पाहिजे. ज्या लेण्यात चित्रं किंवा कोरीव काम आहे तिथे विष्ठेने दगडाचं नुकसान होतं हे खरं आहे, आणि तिथे वटवाघळांना हळूहळू, पिल्लं नसण्याच्या काळात, दुसरीकडे वळवावं लागलं तर मी त्याच्या आड येणार नाही. पण कोरं भुयार, रिकामं दालन, जिथे माणसाचं काही काम नाही, तिथे त्यांना का हलवायचं?

मेघालयात चित्र आणखी गंभीर आहे. जैंतिया टेकड्यांतल्या चुनखडीच्या गुहा देशातल्या सगळ्यात लांब गुहा आहेत, क्रेम लियात प्राह तीस किलोमीटरहून अधिक मोजली गेली आहे, आणि त्याच चुनखडीवर सिमेंटचे कारखाने चालतात. रॉटनच्या वटवाघळाच्या ज्या वस्त्या बारापेडेच्या बाहेर माहीत आहेत त्यांतल्या बहुतेक त्या राज्यात आहेत. तिथे वस्ती हा एकक धरला नाही तर खाणीच्या परवान्याच्या कागदावर फक्त 'चुनखडी, इतके टन' एवढंच दिसेल.

त्या किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात मी गेल्या वर्षी पुन्हा गेलो. सरपंच ताईंना गुहेचं सगळं सांगितलं, एकोणीस पिल्लांचंही. त्यांच्या समितीच्या नोंदवहीत झाडं होती, औषधी वनस्पती होत्या, गुहा नव्हती. त्या म्हणाल्या, "बंद ठेवायची म्हणता, पण कोणते महिने? पोरांना काय सांगू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग असं ठरलं की आधी वर्षभर मोजायचं. प्रत्येक पौर्णिमेच्या आगेमागे, सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी, गावातली दोघं-तिघं तोंडासमोरच्या कातळावर बसतात, आत कुणी जात नाही, दिवा लावत नाही. एक जण आकाशाकडे बघत दहा-दहाचे गट बोलतो, दुसरा वहीत रेघा ओढतो. फेब्रुवारीत एकशे साठ निघाली होती. मेमध्ये संख्या वाढली, पण अंधार पडल्यावर अर्ध्या तासाने काही जणी परत येताना दिसल्या, तेव्हा वही धरलेल्या पोराने विचारलं, "काका, ह्या लगेच परत का आल्या?" मी म्हटलं, दूध पाजायला. त्याने तसंच, त्याच शब्दांत, वहीत लिहून ठेवलं आहे.